चौदावा मजला आणि प्रदीपचा रनआऊट

चौदाव्या मजल्यावरून पडून माणूस मेल्याची बातमी सगळ्यांनी वाचलेलीच होती. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर टेकायच्या आधीच प्रदीप सुरू झाला. संध्याकाळी साडेसातला डोळ्यांवर गॉगल.

"पोलिसांनी एडीआर, म्हणजे अपघाती मृत्यूची नोंद, करून फाईल मिटवली! घरच्यांनी सरळ डिटेक्टिव्ह लावावा. मोबाईलचा सीडीआर, म्हणजे कॉल्सची यादी, काढली की खुनी हातात."

"आणि डिटेक्टिव्ह आत," अस्मिता म्हणाली. भोईवाडा कोर्टात तिची रोजची उठबस. "2018 ला ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर विकणारे धरले, त्यात डिटेक्टिव्हच होते. लायसनचं बिल 2007 ला राज्यसभेत आलं, त्याचा कायदा झालाच नाही. कार्ड छापलं की झाला डिटेक्टिव्ह."

"मग काय, हातावर हात ठेवून बसायचं?"

"पळायचं. पण आधी सोसायटीच्या डीव्हीआरकडे, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याकडे. हार्डडिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्याने. पहिल्याच दिवशी सेक्रेटरीला आणि पोलीस ठाण्याला पत्र द्यायचं, फूटेज राखून ठेवा म्हणून. पोच घ्यायची. स्क्रीनवरचं घड्याळ मोबाईलशी ताडून फरक लिहून ठेवायचा. डीव्हीआर दहा मिनिटं मागे असला की लिफ्टमधला भलताच माणूस संशयित होतो. कॉपीबरोबर हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, आणि साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट हवं."

"एडीआर म्हणजे फाईल मिटली असं नाही रे," मनोहरकाका म्हणाले. रेल्वे पोलिसांतून निवृत्त झालेले. "जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं 194, त्याखालची चौकशी असते ती. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, कालिन्याच्या फॉरेन्सिक लॅबला गेला का, कशात गेला, ते विचारा. विष शोधायचं तर मिठाचं संपृक्त द्रावण. फॉर्मालिनमध्ये घातला तर बरीच विषं सापडणं अवघड. हिस्टोपॅथॉलॉजीचे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे तुकडे मात्र फॉर्मालिनमध्येच. बरणी दोन तृतीयांशच भरायची, वर गॅसला जागा लागते. आणि रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड नसेल, तर जंतू त्या बाटलीतच दारू तयार करू शकतात. मग आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस रिपोर्टात प्यायलेला!"

क्षणभर कोणी बोललं नाही.

"पण पडला की ढकलला?" प्रदीपने गॉगल कपाळावर चढवला. "भिंतीपासून अंतर मोजलं की कळतं. मी पाहिलंय."

"मोबाईलवर पाहिलंयस," अस्मिता म्हणाली. "कठड्याची उंची, मेलेल्या माणसाची उंची, कठड्यावरची धूळ कुठे पुसलीय, तळहात कुठे खरचटलेत, हे सगळं धरून बोलायचं असतं. नुसत्या अंतरावर निकाल देणारा फेकतोय. खाजगी माणसाचा खरा उपयोग तंगडतोडीला. वॉचमन, कुरियरवाला, कचरा नेणारी बाई, समोरच्या बिल्डिंगमधली आजी, प्रत्येकाला वेगवेगळं गाठून तारीख-वेळेसकट लिहायचं. एकत्र बसवलं की चौघांची एकच गोष्ट होते. मग ते कागद जोडून पोलीस ठाणं, तिथे दाद नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) खाली वरिष्ठांकडे, आणि शेवटी प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटपुढे, 175(3). हा क्रम चुकला की अर्ज परत."

"चौघांची एकच गोष्ट?" मनोहरकाका हसले. "98 च्या फायनलला हा रनआऊट होता की नाही, यावर आजही चार साक्षीदार आणि चार गोष्टी!"

"क्रीजमध्ये होतो मी!" प्रदीप उठूनच उभा राहिला.

"कर पंचनामा, अस्मिता."

"कसा करू काका? पंच याचाच मेव्हणा होता."

गॉगल कपाळावरून थेट चहाच्या ग्लासात पडला.