बोअरमध्ये गूळ ओतून सॉल्व्हंट जात नाही

‘कारखान्याचं सॉल्व्हंट जमिनीत मुरलं तरी घाबरू नका. जीवाणू ते खाऊन टाकतात. बोअरमध्ये गुळाचं पाणी आणि शेणकाला ओता, आठवड्यात पाणी पिण्याजोगं.’ हा दावा लोक विश्वासाने एकमेकांना पाठवतात. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

‘जीवाणू खातात’ हेच आधी चुकतं. सॉल्व्हंट म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणारं रसायन. यंत्राच्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरतात ते टीसीई (ट्रायक्लोरोएथिलीन) आणि ड्रायक्लीनिंगचं पीसीई (परक्लोरोएथिलीन) ही या जीवाणूंची भाकरी नव्हे. त्यांचं अन्न हायड्रोजन. आपण श्वासात ऑक्सिजन वापरतो, त्या जागी ते ही रसायनं वापरतात. प्रत्येक वेळी क्लोरीनचा एक अणू सुटतो आणि तिथे हायड्रोजन बसतो. पीसीईत चार क्लोरीन, टीसीईत तीन, डीसीईत (डायक्लोरोएथिलीन) दोन, व्हिनाइल क्लोराइडमध्ये एक, आणि शेवटी एथीन, म्हणजे आंबे-केळी पिकताना सोडतात तोच वायू. गूळ, लॅक्टेट किंवा वनस्पती तेल जमिनीत घालतात ते दुसऱ्या जीवाणूंनी ते आंबवून हायड्रोजन तयार करावा म्हणून. गुळाचा मुद्दा अगदीच हवेतला नाही, तो असा.

पण ‘कुठलेही जीवाणू चालतात’ हे साफ खोटं. पहिल्या एक-दोन पायऱ्या बरेच जीवाणू उतरतात आणि डीसीईपाशी थांबतात. पीसीईपासून थेट एथीनपर्यंत जाणारा पहिला जीवाणू अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 1997 मध्ये जाहीर केला. त्याचं आजचं नाव डिहॅलोकॉक्कॉइडीस मॅककार्टी. तो मिळाला इथाका गावच्या सांडपाण्याच्या गाळातून, पण म्हणून प्रत्येक गाळात किंवा शेणात तो असेलच असं नाही. त्याला ऑक्सिजन अजिबात सोसत नाही. शिवाय या कुळातल्या सगळ्यांना शेवटची पायरी सारखी जमत नाही. व्हिनाइल क्लोराइडवरच वाढणारा वाण 2003 मध्ये वर्णिला गेला.

माझी खरी काळजी पुढच्या वाक्याची आहे: ‘तपासणीत टीसीई शून्य आलं, पाणी शुद्ध झालं.’ टीसीई गेलं म्हणजे ते कशात तरी बदललं, एवढंच सिद्ध होतं. काम अर्धवट राहिलं तर व्हिनाइल क्लोराइड साचतं, आणि ते माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, व्हिनाइल क्लोराइडची फक्त 2. म्हणजे ‘साफ’ झालेलं पाणी आधीपेक्षा घातक असू शकतं, आणि फक्त टीसीई मोजणाऱ्या अहवालात ते दिसणारही नाही. टीसीई, डीसीई, व्हिनाइल क्लोराइड आणि एथीन हे चारही आकडे एकत्र पाहिल्याशिवाय कुणी ‘झालं’ म्हणू नये.

‘आठवडाभरात’ याचं उत्तर टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या केली हवाई तळावर मिळतं. तिथल्या भूजलात पीसीई होतं. जिथे नुसतं खाद्य दिलं तिथे गाडी डीसीईवर अडली. जिथे खाद्याबरोबर डिहॅलोकॉक्कॉइडीस असलेलं केबी-1 हे कल्चर, म्हणजे मुद्दाम वाढवलेल्या जीवाणूंचं विरजण, सोडलं, तिथे पीसीई, टीसीई, डीसीई लिटरला 5 मायक्रोग्रॅमच्या खाली आले आणि एथीन दिसू लागलं. वेळ लागला सुमारे 200 दिवस. तेही छोट्या चाचणी-पट्ट्यात, पाणी खेळतं ठेवून, सतत नमुने घेत. मूळ सॉल्व्हंट पाण्याहून जड असतं, ते तळाशी जाऊन खडकाच्या भेगांत बसतं आणि वर्षानुवर्षं थोडंथोडं विरघळत राहतं. तिथे तर याहूनही जास्त काळ लागतो.

मग घरच्या बोअरमध्ये गूळ-शेण ओतलं तर? शेणातले रोगजंतू थेट पाण्यात जातात. ऑक्सिजन संपला की खडकातलं लोह आणि मँगनीज सुटतं, काही ठिकाणी आर्सेनिकही. कोळशाच्या फिल्टरवर विसंबून राहाल, तर व्हिनाइल क्लोराइड त्याला नीट चिकटत नाही. बोअरजवळ असा कारखाना किंवा गळकी टाकी असेल, तर आधी ते पाणी पिणं थांबवा, दुसरीकडून पाणी आणा आणि नमुना अशा प्रयोगशाळेत द्या जी व्हिनाइल क्लोराइडही मोजते.