स्पेशल म्हणजे चांगलं, हे कुणी ठरवलं?

मागच्या आठवड्यात रक्ताच्या विकारांवरच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करत होते. मूळ वाक्य अगदी साधं होतं, 'सीक स्पेशलिस्ट ॲडव्हाइस'. मी लिहून मोकळी झाले, 'विशेष सल्ला घ्यावा'. तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीनं दोनच शब्द लिहून पान परत पाठवलं : 'म्हणजे कसला?'

खरंच की! विशेष सल्ला म्हणजे काय, कानात सांगितलेला? तिथे हवं होतं 'तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा'. अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. पण स्पेशल, स्पेसिफिक, पर्टिक्युलर, स्पेशलाइज्ड यांपैकी काहीही दिसलं की हात सवयीनं 'विशेष'कडे जातो. आणि 'विशेष' म्हटलं की डोक्यात कौतुकच येतं. घोळ तिथूनच सुरू होतो.

'स्पेशल'च्या मुळाशी कौतुक नाहीच. लॅटिनमध्ये 'स्पेकेरे' म्हणजे पाहणं. त्यावरून 'स्पीशीज', म्हणजे आधी रूप आणि मग प्रकार. त्यावरून स्पेशल, म्हणजे एका ठरावीक प्रकारापुरतं. इन्स्पेक्टर, स्पेक्टेटर, सस्पेक्ट ही सगळी याच घरातली भावंडं. मसाल्याचा 'स्पाइस'सुद्धा त्यांचाच चुलतभाऊ, कारण उत्तरकालीन लॅटिनमध्ये स्पीशीज म्हणजे मालाचे प्रकार. (जाता जाता : प्रजाती एकच असली तरी ती स्पीशीजच. 'स्पीशी' लिहिणाऱ्यांनो, इंग्रजीत 'स्पीशी' म्हणजे नाणी!)

आपला 'विशेष' वेगळ्या वाटेनं आलाय. 'शेष' ज्या धातूतून आला, त्याच 'शिष्' धातूतून. उरणं, वेगळं काढणं. आणि गंमत म्हणजे शाळेतल्या व्याकरणानं हे आपल्याला कधीच सांगून ठेवलं होतं : विशेषण नामाची व्याप्ती मर्यादित करतं. 'घोडा' म्हटलं की जगातले सगळे घोडे आले, 'काळा' लावलं की बाकीचे गळाले. काळ्या घोड्याचं कौतुक कुठे केलं कुणी?

आइनस्टाइनचंच बघा ना. 1905 साली 'स्पेशल' सापेक्षता आली, 1915 साली 'जनरल'. पहिली दुसरीपेक्षा थोर म्हणून ती स्पेशल नाही. ती फक्त एकमेकांच्या तुलनेत एकसमान वेगानं चाललेल्या निरीक्षकांच्या चौकटींपुरती लागू होते, गुरुत्वाकर्षण तिच्या हिशेबात नाही, म्हणून ती स्पेशल. ती व्यापक सिद्धांताची एक मर्यादित बाब आहे. मराठी पुस्तकांत 'विशेष सापेक्षता' वाचताना कितीजणांना ती मोठी बहीण वाटली असेल!

'स्पेशली' आणि 'एस्पेशली'चा गोंधळ तर इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही घालतात. बोलताना चालून जातं, लिहिताना नाही. 'स्पेशली' मुलांसाठी बनवलेलं म्हणजे मुद्दाम त्यांच्यासाठीच बनवलेलं. 'एस्पेशली' मुलांना उपयोगी म्हणजे उपयोगी सगळ्यांनाच, मुलांना जरा जास्त. मराठीत दोन्हीकडे 'खास' लिहिलं की संपलं, आणि मग औषधाच्या पत्रकावर घोटाळा होतो. एका ठिकाणी 'मुद्दाम' आणि दुसऱ्या ठिकाणी 'विशेषतः' लिहायला असे कितीसे कष्ट पडतात? ('स्पेशालिटी' ब्रिटिश आणि 'स्पेशल्टी' अमेरिकन, एवढ्यावर भागतं. फक्त वैद्यकीय शाखेला ब्रिटिश डॉक्टरही 'स्पेशल्टी'च म्हणतात.)

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक मात्र 'पिक्युलिअर'ची. कॉलेजात असताना एका सरांना इंग्रजीत आभाराचं पत्र लिहिलं आणि त्यात 'युअर पिक्युलिअर स्टाइल' असं कौतुक केलं. शब्दकोशात 'विशिष्ट, स्वतःचा असा' हा अर्थ पाहिला होता, तो खोटाही नव्हता. पण त्याच्याच शेजारी 'विचित्र' होतं, ते वाचायचं राहिलं. सर काही बोलले नाहीत, नुसते हसले. आता वाटतं, शब्द मुळात बरोबरच होता, मला थोडा उशीर झाला. लॅटिनमध्ये 'पेकुस' म्हणजे गुरं. गुरं म्हणजे स्वतःची मालमत्ता, त्यावरून स्वतःचं, खाजगी. 1611 च्या इंग्रजी बायबलात 'पिक्युलिअर पीपल' म्हणजे देवाची स्वतःची माणसं, विक्षिप्त माणसं नव्हेत. पुढे 'वेगळं'चं 'विचित्र' झालं. आणि आपलं 'विचित्र' तरी काय वेगळं? संस्कृतात ते रंगीबेरंगी, अद्भुत. महाभारतातल्या विचित्रवीर्याचं नाव काही कुणी चिडवायला ठेवलं नव्हतं. 'इग्रीजियस'चीही तीच गत. कळपातून उठून दिसणारा तो इग्रीजियस, म्हणजे एके काळी थोर, आज भयंकर वाईट. कळपाबाहेरच्याला लोक फार दिवस सुखानं राहू देत नाहीत, तेच शब्दांत उतरलेलं दिसतं.

राहिला 'स्पेशलाइज्ड'. त्याच माहितीपत्रकात पुढे 'स्पेशलाइज्ड सेल्स' आलं, आणि या वेळी मी थांबले. तांबडी रक्तपेशी डोळ्यांसमोर आणली. अस्थिमज्जेत तयार होताना ती स्वतःचं केंद्रक बाहेर टाकते, कारण हिमोग्लोबिनला जागा हवी. मग पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रियाही जातात. त्यानंतर तिचं विभाजन होत नाही, मोठी दुरुस्ती जमत नाही. साधारण 120 दिवस ऑक्सिजन वाहायचा आणि संपायचं. हिला 'विशेष पेशी' म्हणायचं? विशेष काय, तिनं तर घरातलं सामानच विकलंय. पाठ्यपुस्तकातला 'विशेषीकृत' अचूक आहे, पण रुग्णाच्या हातात द्यायच्या कागदावर तो मला लिहवेना.

शेवटी लिहिलं, 'एकाच कामाला वाहिलेल्या पेशी'. पान परत आलं. समासात पेन्सिलीनं : 'हे बरं आहे. पण वाहिलेल्या, की जुंपलेल्या?'

दोन दिवस झाले, अजून ठरत नाहीये.