फवारणीआधी किडा ओळखायचा तो कशासाठी

तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं, की संग्रहालयाच्या भांडारात तपकिरी किडा दिसला तर भिंगाखाली त्याच्या मिशा बघत बसणं ही चैन आहे. दर तीन महिन्यांनी फवारणी करा, कपाटात डांबरगोळ्या टाका, विषय संपला.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. सिगारेट बीटल आणि ड्रगस्टोअर बीटल हे दोन छोटे तपकिरी भुंगेरे. सिगारेट बीटलच्या मिशा करवतीसारख्या दातेरी आणि पंख गुळगुळीत. ड्रगस्टोअर बीटलच्या पंखांवर उभ्या रेघा आणि मिशांची शेवटची तीन पेरं मोठी. हा फरक नाही कळला तरी फारसं बिघडत नाही. दोघंही जुन्या बांधणीतली खळ आणि पुठ्ठा पोखरतात, उपायही एकच.

पण पावसाळ्यात पोथीचं पान उलटताच जेमतेम १ मिलिमीटरचे, फिकट, मऊ जीव पळतात ना, ते बुकलाइस. ते मुख्यतः बुरशीवर जगतात. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली, तर कितीही फवारा, ते परत येणारच. तिथे कपाट भिंतीपासून सरकवायचं आणि ओल कुठून येते ते शोधायचं.

कार्पेट बीटलची केसाळ अळी कोरड्यातही तग धरते. तिला लोकर, रेशीम, पिसं, कातडं हवं असतं. सुती कपड्यांच्या खणात तिची कात सापडली, तर मी आधी खिडकीकडे जाते. कारण प्रौढ बीटल फुलांतल्या परागांवर जगतो, म्हणून उजेडाकडे, खिडकीशी येतो. आणि अळ्यांचं मूळ पुष्कळदा बाहेरच्या कठड्यावरच्या कबुतराच्या घरट्यात असतं. ते घरटं तसंच ठेवून आत पैठण्यांवर औषध मारणं मला मुळीच पटत नाही.

शिवाय फवारा बांधणीच्या आतल्या अळीपर्यंत पोचत नाही, शाईवर आणि जरीवर मात्र बसतो. डांबरगोळ्यांची वाफ तिथे रोज काम करणाऱ्यांच्या छातीत जाते. बहुतेक पोथ्यांना आणि कापडांना गोठवणं चालतं: हवाबंद पिशवीत, उणे २० अंशांवर, किमान आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीवर जमतं, वस्तूवर नाही.

तुमच्याकडे पुन्हा किडा सापडला तर झाडून टाकू नका. छोट्या बाटलीत ठेवा, चिठ्ठीवर तारीख आणि कुठल्या फळीवर मिळाला ते लिहा, खालची भुकटीही त्यातच घ्या. वरून आणि बाजूने काढलेले फोटो पाठवलेत तर मी नक्की बघेन.