पकडीची ताकद एकदाच दाबून कळत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की डायनामोमीटर (हाताच्या पकडीची ताकद मोजायचं यंत्र) एकदा जोरात दाबला की हाताची ताकद कळते आणि मागच्या वेळेपेक्षा २ किलो कमी आलं म्हणजे हात बिघडला. असं नाहीये हो! २ किलोचा फरक नुसत्या बसण्याच्या पद्धतीनेही पडू शकतो.

नीट मोजायचं तर पेशंट खुर्चीत ताठ, पाय जमिनीवर, दंड अंगालगत, कोपर ९० अंशात, अंगठा वरच्या बाजूला, मनगट सरळ किंवा किंचित मागे, आणि जामर कंपनीच्या डायनामोमीटरचं हँडल ५ पैकी दुसऱ्या खाचेत, मग ३ वेळा दाबायला लावायचं, मध्ये थोडी विश्रांती द्यायची आणि तिन्हींची सरासरी लिहायची.

त्यात डायलवर एक जादाचा काटा असतो, तो सर्वात मोठ्या आकड्यावर अडकून राहतो, तो दरवेळी शून्यावर आणला नाही तर दुसऱ्यांदा हळू दाबलं तरी पहिलाच आकडा दिसतो, आणि ही चूक लक्षातच येत नाही. नंतरच्या वेळीही तेच यंत्र, तीच खाच, तेच बसणं हवं. नुसता एक आकडा बघून पेशंटला घाबरवू नका प्लीज.