ओसाकाला फक्त झोपायला जाऊ नका

ओळखीतलं कोणी जपानला निघालं की त्यांचा प्लॅन माझ्याकडे हमखास येतो. बहुतेक सगळे एकाच साच्यातले. टोकियो, फुजी, हिरोशिमा, क्योटो आणि शेवटी ‘ओसाका – मुक्काम’. म्हणजे दिवसभर क्योटो-नारा फिरायचं आणि रात्री ओसाकाच्या हॉटेलात पाठ टेकायची. त्याआधी बसने एखाद्या इंडियन रेस्टॉरंटात नेऊन पनीर बटर मसाला आणि जिरा राइस खाऊ घालायचा. जपानमधल्या सगळ्यात खवय्या शहरात जाऊन पनीर! मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

ओसाकात शहर बघणं आणि खाणं ही दोन वेगळी कामं नाहीतच. या शहराचा इतिहास ताटात, खरं तर वाडग्यात वाढलेला असतो. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, जपानभरातला तांदूळ ओसाकाच्या गोदामांत यायचा आणि दोजिमाच्या बाजारात १७३० पासून त्याचे अधिकृत वायदे व्हायचे. उत्तरेकडच्या होक्काइदोहून गलबतं भरभरून कोंबू यायचा. कोंबू म्हणजे समुद्रातल्या शेवाळाच्या वाळवलेल्या जाड पट्ट्या. ओसाकाच्या स्वयंपाक्यांनी त्यातून जे पाणी काढलं, त्यावर इथलं सगळं खाणं उभं आहे. १९०८ मध्ये इकेदा किकुनाए या शास्त्रज्ञाने ‘उमामी’ची, म्हणजे गोड-आंबट-खारट-कडूपलीकडच्या पाचव्या मूळ चवीची, ओळख वेगळी काढून दाखवली, तीही कोंबूच्याच पाण्यातून.

हे सगळं समजायला संग्रहालय लागत नाही, किट्सुने उदोनचा एक वाडगा पुरतो. टोकियोत उदोनचं पाणी सोया सॉसने काळपट दिसतं. ओसाकात ते इतकं फिकट असतं की तळाचे जाड, पांढरे नूडल्स स्पष्ट दिसतात. वर गोडसर रसात शिजवलेला तळलेल्या तोफूचा चौकोन. तो दाबला की गोडवा हळूहळू पाण्यात उतरतो, आणि शेवटचा घोट पहिल्या घोटापेक्षा वेगळा लागतो. तिखट नाही, मसाला नाही, तरी बेचव अजिबात नाही. आपल्या जिभेला हे कळायला दोन-तीन वाडगे लागतात, म्हणून तर मुक्काम वाढवा म्हणतेय.

दोतोनबोरीला सगळेच जातात. हा कालवा १६१५ मध्ये पुरा झाला. काठावर नाटकाची थिएटरं आली आणि त्यांच्या मागोमाग खाण्याची दुकानं. ग्लिको या खाऊच्या कंपनीची धावणाऱ्या माणसाची ती प्रसिद्ध जाहिरात १९३५ पासून इथे आहे. आताची एलईडीवाली सहावी. फोटो काढा, पण तिथून लगेच निघू नका. ताकोयाकीच्या गाडीसमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहा. आपल्या आप्पेपात्रासारखा खळग्यांचा लोखंडी तवा, त्यात पातळ पीठ काठाबाहेर सांडेपर्यंत ओतलेलं. प्रत्येक खळग्यात ऑक्टोपसचा तुकडा, पातीचा कांदा, लाल लोणच्याचं आलं. मग तो माणूस दाभणासारख्या टोच्याने बाहेर सांडलेलं पीठ आत ढकलत एकेक गोळा पाव वळसा फिरवतो, थोडं थांबतो, परत फिरवतो. बघता बघता सगळे गोळे गोल होतात. बाहेरून खमंग, आत जवळजवळ पातळ आणि चटका बसेल इतकं गरम. हा पदार्थही १९३५ चाच, ओसाकातल्याच आइझुया या दुकानाचा. तिथे आजही तो सॉसशिवाय देतात, कारण चव पिठातच असते. माझं मत विचाराल तर तोच खा.

शिनसेकाई भागात कुशिकात्सू मिळतं. काडीला टोचून तळलेलं मांस, मासे, भाज्या, कमळकाकडीसुद्धा. सॉसचं भांडं सगळ्यांत एकच असेल, तर नियम कडक: काडी एकदाच बुडवायची, चावा घेतल्यावर पुन्हा नाही. सॉस कमी पडला तर सोबतच्या कोबीच्या पानाने उचलून घ्या. उष्टं पाळणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे पटवून द्यावं लागत नाही. फिरत्या पट्ट्यावरची सुशीही इकडचीच, १९५८ मध्ये शेजारच्या हिगाशी-ओसाकात सुरू झालेली. कुरोमोन बाजार आता फार पर्यटकी झालाय, भावही तसेच. त्यापेक्षा तेनजिनबाशिसुजीची २.६ किलोमीटरची छपराखालची बाजारपेठ पायी फिरा. तिथे शहरातली माणसं रोजची खरेदी करताना दिसतात.

किल्ल्याबद्दल एक सांगायलाच हवं. ‘आत लिफ्ट आहे, सगळं काँक्रीट आहे’ म्हणून लोक हिरमुसतात. खरं आहे, आताचा मनोरा १९३१ चा, नागरिकांच्या देणग्यांतून उभा राहिलेला. जपान एकत्र आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीने १५८३ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला १६१५ च्या लढाईत पडला. आपण बघतो ते तट त्याच्या घराण्याला हरवणाऱ्या तोकुगावांनी नंतर उभारलेले. पण ते तट बघाच! साकुरामोन दरवाज्याच्या आतला ‘ताकोइशी’ हा एकच दगड शंभर टनांच्या वर असल्याचा अंदाज आहे. तो ओकायामाच्या सरदाराने समुद्रमार्गे आणवला. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते याच ओकायामाशी असलेल्या मैत्रीतून झालेलं. रायगड-राजगड पायाखाली घातलेल्यांना या दगडांसमोरून लवकर हलवणार नाही. वर मनोऱ्यात गेला नाहीत तरी चालेल.

आता खरा प्रश्न, शाकाहाराचा. गोड बोलून दिशाभूल करणार नाही. जपानमध्ये ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण रश्शाच्या पाण्यात कोंबूबरोबर बहुधा वाळवलेल्या माशाचा कीस असतो. वर सांगितलेला उदोन दिसायला शाकाहारी, पण पाणी बहुतेक ठिकाणी माशाचं. ओकोनोमियाकी, म्हणजे इथलं जाड धिरडं, कोबीचीच असली तरी वर माशाचा कीस भुरभुरतात. म्हणून ‘मासे नकोत, माशाचं पाणीही नको’ असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. जमत नसेल तर दुकानदार स्पष्ट नाही म्हणतो, त्याचा राग मानू नका.

माझ्या सासूबाई शुद्ध शाकाहारी. त्यांच्यासाठी ओसाकाहून जाण्यासारखी सर्वांत उत्तम जागा म्हणजे कोयासान. नांबा स्टेशनहून नानकाई रेल्वे, मग केबल कार. दोन तासांच्या आसपास. नवव्या शतकात कूकाई या बौद्ध भिक्षूने वसवलेला हा डोंगरावरचा मठांचा गाव. मठात राहता येतं आणि जेवण ‘शोजिन र्‍योरी’, म्हणजे मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. तिळाचं तोफू, गोठवून वाळवलेलं कोया तोफू, कोंबूच्या पाण्यातल्या भाज्या, लोणचं, भात. सासूबाईंनी कसलीही चौकशी न करता संपूर्ण जेवण जेवलेलं त्या देशात मी तिथेच पाहिलं. तिथल्याच ओकुनोइनच्या दफनभूमीत दगडी स्तूपांवर सिद्धम लिपीतली संस्कृत बीजाक्षरं कोरलेली आहेत, तीही त्यांनी थांबून थांबून पाहिली.

टूरवाल्यांनाही विनंती आहे. रात्रीचं जेवण रोज पॅकेजमध्ये बांधून ठेवू नका. ओसाकातली निदान एक संध्याकाळ मोकळी सोडा, ज्यांना पनीर हवं त्यांच्यासाठी सोय ठेवा आणि बाकीच्यांना गल्लीबोळांत फिरू द्या.

आणि मुलांच्या मेच्या सुट्टीत निघणार असाल तर तारखा नीट बघा. २९ एप्रिल ते ५ मे हा तिकडचा गोल्डन वीक. तेव्हा अख्खा जपान सुट्टीवर असतो, हॉटेलं महाग होतात आणि दोतोनबोरीत मुंगीलाही जागा नसते. १० मेनंतरची तिकिटं काढा, जूनमधला पाऊस लागायच्या आत परत या.