'काहीतरी गोड खा' एवढ्याने भागत नाही

मधुमेहावरच्या त्या लेखात रक्तातली साखर ७०च्या (mg/dL) खाली गेली तर 'काहीतरी गोड खा' एवढंच लिहिलंय. घोटाळा तिथूनच सुरू होतो. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, घाबरून माणूस चार पेढे खातो. पेढ्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, म्हणून वर आणखी दोन. तासा-दोन तासांनी मीटर २८० दाखवतं!

१५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची. १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. अजून ७०च्या खाली असेल तरच दुसरा डोस. वर आली आणि जेवणाला अवकाश असेल तर अर्धी पोळी खा. मधुमेहाच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे साखरेचं पचन लांबवणारं औषध असेल (पाकिटावर बघा, ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या औषधाबरोबर बरेचदा असतं) तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, थेट दवाखाना.

उलट बाजूला, म्हणजे साखर वाढलेली असतानाही घाई नडते. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन तीन-चार तास काम करत असतं. दीड तासात आकडा उतरला नाही म्हणून पुन्हा टोचलं की दोन्ही डोस एकावर एक चढतात आणि मध्यरात्री साखर ५०वर. आंबा कापलेल्या हाताने तपासलं तरी आकडा खोटा फुगतो, आधी साबणाने हात धुवून कोरडे करा. २५०च्या वर साखर आणि सोबत उलट्या असतील तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासायला हवेत. जेवण गेलं नाही म्हणून टाइप १वाल्यांनी (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही) बेसल, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन बंद करायचं नाही.