‘तुझ्यापेक्षा’ म्हणजे नक्की कशापेक्षा?

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जीमॅट परीक्षेचे नवे रूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आले आणि त्यातून सेंटेन्स करेक्शनचे, म्हणजे वाक्यदुरुस्तीचे प्रश्न वगळण्यात आले. आधीच्या रूपात व्हर्बल, म्हणजे भाषेच्या विभागात ३६ प्रश्न असत. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश प्रश्न वाक्यदुरुस्तीचे असत आणि त्यांत तुलना व समांतर रचना (वाक्यातले बरोबरीचे भाग सारख्या रूपात मांडणे) हे दोन विषय हमखास डोके वर काढत. हा बदल झाल्यापासून मला अनेकांनी विचारले आहे की, आता हे शिकवायचे कशासाठी? मी बरीच वर्षे इंग्रजी व्याकरणाच्या परीक्षांची तयारी करून घेते आहे, आणि माझे मत असे आहे की, इंग्रजी व्याकरणातले दुसरे काही मागे राहिले तरी चालेल, पण हे दोन विषय नीट शिकायलाच हवेत. माझी तक्रार आहे ती हे विषय ज्या पद्धतीने शिकवले जातात तिच्याबद्दल, आणि त्या तक्रारीत माझ्या स्वतःच्या सुरुवातीच्या वर्षांतले शिकवणेही येते.

अगदी साध्या वाक्यापासून सुरुवात करते. ‘द पॉप्युलेशन ऑफ चायना इज लार्जर दॅन जपान.’ परीक्षेत हे वाक्य चूक धरले जाते, कारण त्यात लोकसंख्येची तुलना एका देशाशी झाली आहे. ‘दॅन दॅट ऑफ जपान’ असे म्हटले की लोकसंख्येसमोर लोकसंख्या येते. मराठी विद्यार्थ्याला मूळ वाक्यात काहीच खटकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. ‘चीनची लोकसंख्या जपानपेक्षा जास्त आहे’ हे आपण सहज बोलतो, लिहितो, छापतो, आणि ते ऐकून कोणी अडखळत नाही. मराठीत ‘पेक्षा’ हा शब्द मागच्या नामाला चिकटतो आणि उरलेला अर्थ ऐकणाऱ्यावर सोपवून मोकळा होतो.

सर्वनामांच्या बाबतीत तर याहून मजेशीर गोष्ट घडते, आणि ती माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली. ‘मी तुझ्यापेक्षा उंच आहे’ आणि ‘माझे घर तुझ्यापेक्षा मोठे आहे’ ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या वाक्यातला ‘तुझ्यापेक्षा’ माणसाबद्दल आहे आणि दुसऱ्यातला घराबद्दल, तरी शब्द तोच आहे. ‘पेक्षा’ लावण्यासाठी ‘तू’चे ‘तुझ्या’ करावे लागते, आणि ‘तुझ्या घरापेक्षा’मधले घर गाळले तरीही ‘तुझ्या’च उरते. इंग्रजीत मात्र इथे ‘यू’ आणि ‘युअर्स’ असे दोन वेगळे शब्द लागतात. जो विद्यार्थी ‘माय हाउस इज बिगर दॅन यू’ असे लिहितो, त्याला नियम माहीत नसतो असे नाही. त्याच्या भाषेने जो फरक करायला कधी भागच पाडले नाही, तो फरक करायला दुसरी भाषा त्याला भाग पाडते आहे. हे त्याला उलगडून सांगितले की पुष्कळदा एका तासात काम होते. न सांगता पन्नास प्रश्न सोडवून घेतले, तरी एक्कावन्नाव्या प्रश्नात तो पुन्हा तिथेच अडतो.

आता शिकवण्याच्या पद्धतीकडे वळते. या परीक्षांत वेळ फार थोडा असतो. टोफेल या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या आयटीपी प्रकारात रचना आणि लेखी अभिव्यक्ती या विभागातले ४० प्रश्न २५ मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिटही मिळत नाही. त्यामुळे शिकवणारे युक्त्या शोधतात, आणि त्यातली सर्वांत लाडकी युक्ती म्हणजे ‘पर्यायात दॅट ऑफ दिसले की त्यावर खूण करा’. मीही ही युक्ती शिकवलेली आहे. एका विद्यार्थिनीने ‘इट इज कोल्डर इन कॅनडा दॅन दॅट ऑफ जपान’ हा पर्याय निवडला आणि आत्मविश्वासाने म्हणाली, “मॅडम, दॅट ऑफ आहे ना, मग बरोबरच असणार.” त्या दिवशी मला कळले की मी तिला तुलना शिकवलीच नव्हती. या वाक्यात ‘दॅट’ ज्याच्या जागी उभे राहील असे नामच नाही. ‘इन कॅनडा’समोर ‘इन जपान’ हवे, एवढीच तिथली गरज आहे: ‘इट इज कोल्डर इन कॅनडा दॅन इन जपान.’ तसेच ‘द रोड्स ऑफ धिस सिटी आर वायडर दॅन दॅट ऑफ द ओल्ड टाउन’ या वाक्यात ‘दॅट ऑफ’ आहे आणि तरीही वाक्य चूक आहे, कारण रस्ते अनेक असल्यामुळे तिथे ‘दोज ऑफ’ लागते. खुणेचा शब्द शोधणारी नजर या दोन्ही ठिकाणी फसते. ‘कशाची तुलना कशाशी’ हा प्रश्न विचारणारी नजर मात्र फसत नाही, आणि तो प्रश्न विचारायला तेवढा थोडा वेळही पुरेसा असतो.

‘एनी अदर’चा नियमही असाच घोकून घेतला जातो. ‘ज्युपिटर इज लार्जर दॅन एनी प्लॅनेट इन द सोलर सिस्टीम’ हे वाक्य चूक का आहे? गुरू स्वतः सूर्यमालेतलाच ग्रह आहे, आणि तो स्वतःपेक्षा मोठा असू शकत नाही. म्हणून ‘एनी अदर प्लॅनेट’ म्हणून त्याला त्या गटातून बाजूला काढावे लागते. इतके स्वच्छ कारण असताना वह्यांत मात्र ‘एनीनंतर अदर लिहावे’ एवढेच उतरवून दिलेले मी पाहिले आहे. मग ‘रशिया इज लार्जर दॅन एनी कंट्री इन आफ्रिका’ हे वाक्य समोर आले की विद्यार्थी त्यात ‘अदर’ घालतो आणि रशियाला आफ्रिकेत नेऊन बसवतो. रशिया त्या गटात नाहीच, म्हणून त्याला बाजूला काढण्याचा प्रश्नच येत नाही. नियम पाठ करणाऱ्याला ही दोन वाक्ये परस्परविरोधी वाटतात. कारण समजलेल्याला ती एकाच विचाराची दोन टोके दिसतात.

वाक्याच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘अनलाइक’मध्ये हीच चूक लपून बसते, आणि मला ती सर्वांत अवघड वाटते, कारण तिथे तुलनेचे दुसरे अंग स्वल्पविरामापलीकडे असते. ‘अनलाइक द अर्थ, द अ‍ॅटमॉस्फिअर ऑफ व्हीनस इज मोस्टली कार्बन डायऑक्साइड.’ माहिती खरी आहे, शुक्राच्या वातावरणात सुमारे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, आणि खऱ्या माहितीमुळेच वाचणारा वाक्य पुढे ढकलतो. पण पृथ्वीसमोर इथे शुक्र आलेला नाही, शुक्राचे वातावरण आले आहे. दुरुस्ती करताना पृथ्वीच्या जागी पृथ्वीचे वातावरण आणता येते, किंवा पुढचा भाग बदलून ‘व्हीनस हॅज’ असे म्हणत ग्रहासमोर ग्रह आणता येतो. दोन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत हे विद्यार्थ्याला स्वतः सापडले की तो उत्तर निवडणे सोडून वाक्य घडवू लागतो.

‘लाइक’ आणि ‘अ‍ॅज’ यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही, कारण तिथे मराठी मदतीला येते. ‘सारखा’ म्हटले की पुढे क्रियापद लागत नाही, ‘जसे’ म्हटले की लागते. ‘ती आईसारखी गाते’ म्हणजे ‘लाइक हर मदर’, आणि ‘जशी आई गाते तशी ती गाते’ म्हणजे ‘अ‍ॅज हर मदर डज’.

‘दॅन’नंतर ‘आय’ (I) की ‘मी’ (me) हा मात्र जुना वाद आहे. इंग्रज धर्मगुरू आणि व्याकरणकार रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणात असे मांडले की, ‘दॅन’नंतरच्या सर्वनामाची विभक्ती पुढे असलेल्या किंवा अध्याहृत, म्हणजे न लिहिता गृहीत धरलेल्या क्रियापदावरून ठरते. कडक परीक्षा अजून त्याच वाटेने जातात, आणि बोलणारे लोक तेव्हाही ‘टॉलर दॅन मी’ म्हणत होते व आजही म्हणतात. माझ्या मते ‘टॉलर दॅन मी’ला चूक ठरवण्यात काही अर्थ नाही, कारण त्याचा दुसरा अर्थ निघतच नाही. पण ‘शी ट्रस्ट्स हिम मोअर दॅन मी’ या वाक्यात गोष्ट वेगळी होते. तिचा माझ्यावर जेवढा विश्वास आहे त्याहून जास्त त्याच्यावर आहे, की माझा त्याच्यावर जेवढा विश्वास आहे त्याहून जास्त तिचा आहे? आपले ‘तिचा त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे’ हे वाक्यही तितकेच संदिग्ध आहे. इथे ‘दॅन आय डू’ किंवा ‘दॅन शी ट्रस्ट्स मी’ असे वाक्य पुरे करणे हाच खरा उपाय आहे, आणि परीक्षेने विचारायचे तर हेच विचारावे.

समांतर रचनेबद्दल एक गैरसमज पक्का झालेला दिसतो. यादीतले सगळे शब्द एकाच रूपात आणले की रचना समांतर झाली, असे सांगितले जाते. सुरुवातीला ते ठीकच आहे. ‘तिला पोहायला, धावायला आणि सायकल आवडते’ हे वाक्य मराठी कानालाही लगेच खुपते, आणि इंग्रजीत ‘स्विमिंग, रनिंग अँड टू सायकल’ तसेच खुपायला हवे. लिंकन यांच्या १८६३ मधल्या गेटिसबर्गच्या भाषणातले ‘ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल’ हे शब्द इतके लोकांच्या तोंडी बसले, त्याला हा सारखेपणाच कारण आहे: नाम तेच राहते, फक्त शब्दयोगी अव्यय बदलते, आणि म्हणून सगळे लक्ष त्या बदलावर जाते.

पण रूपापलीकडचा प्रश्न असा आहे की, यादीत कोणी बसायचे आणि कोणी बसायचे नाही. ‘द रिव्हर फ्लडेड द व्हॅली, डिस्ट्रॉइंग क्रॉप्स अँड फोर्सिंग पीपल टू लीव्ह’ या वाक्यात तीन क्रिया आहेत आणि त्या तिन्ही एका रूपात नाहीत, तरी वाक्य निर्दोष आहे. नदीने खोरे बुडवले ही मुख्य घटना आहे. पिके नष्ट होणे आणि लोकांना बाहेर पडावे लागणे हे तिचे दोन परिणाम आहेत, म्हणून ते दोघे एकमेकांच्या शेजारी बसतात आणि मुख्य क्रियेच्या शेजारी बसत नाहीत. सगळ्यांना ‘फ्लडेड, डिस्ट्रॉइड, अँड फोर्स्ड’ अशा एका रांगेत उभे केले, तर व्याकरण टिकते, पण कारण आणि परिणाम यांचे नाते पुसट होते. उलट ‘द हाउस वॉज ओल्ड, डार्क, अँड हॅड थ्री विंडोज’ या वाक्यात विशेषणांच्या रांगेत एक क्रियापद घुसले आहे. तिथे ‘ओल्ड अँड डार्क’ ही आतली जोडी आणि ‘वॉज’ व ‘हॅड’ ही बाहेरची जोडी वेगळी करावी लागते. मी विद्यार्थ्यांना अशी वाक्ये कागदावर एकाखाली एक मांडायला लावते, म्हणजे कोणता शब्द कोणाच्या शेजारी आहे हे डोळ्यांना दिसते.

‘नॉट ओन्ली’ आणि ‘बट ऑल्सो’ या जोडीत मराठी विद्यार्थी खरे तर पुढे असायला हवा. ‘तो कविताच नव्हे, तर कथाही लिहितो’ असे म्हणताना आपण ‘च’ आणि ‘ही’ नेमके ज्या शब्दांवर भर आहे त्यांनाच चिकटवतो आणि चुकत नाही. इंग्रजीला असा चिकटणारा प्रत्यय नाही, म्हणून ती हे काम जागेवरून करते. ‘ही नॉट ओन्ली राइट्स पोएम्स बट ऑल्सो स्टोरीज’ मध्ये पहिला भाग क्रियापदाआधी आणि दुसरा नामाआधी आला, म्हणून तोल गेला. ‘ही राइट्स नॉट ओन्ली पोएम्स बट ऑल्सो स्टोरीज’ म्हटले की दोन्ही नामांआधी आले. ‘तुमचा च कुठे बसतो ते पाहा’ एवढे सांगितले की मुले आपणहून जागा शोधतात. या एका वाक्याचा मला जेवढा उपयोग झाला, तेवढा कोणत्याही तक्त्याचा झाला नाही.

परीक्षा घेणाऱ्यांनी काही हट्ट सोडावेत असेही मला वाटते. ‘परफेक्ट’ला ‘मोअर’ लावता येत नाही, असे शिकवले जाते, कारण परिपूर्णतेत कमी-जास्त नसते. पण १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेतच ‘अ मोअर परफेक्ट युनियन’ असे शब्द आहेत, आणि त्यांचा अर्थ कोणालाही अडत नाही. अशा नियमांवर प्रश्न काढल्याने विद्यार्थ्याचा असा समज होतो की व्याकरण म्हणजे कोणीतरी लादलेली मनाईची यादी आहे, आणि मग गुरू ग्रहाच्या वाक्यातला खरा तर्कदोषही त्याला त्याच यादीतली आणखी एक मनाई वाटू लागतो.

आता मी पर्याय असलेले प्रश्न शेवटच्या आठवड्यांपुरतेच ठेवते. त्याआधी फळ्यावर ‘द सॅलरी ऑफ अ टीचर इज लोअर दॅन’ एवढेच लिहून वाक्य पुरे करायला सांगते, आणि प्रत्येकाने आपण कशाची तुलना कशाशी केली ते मराठीत, काहीही न गाळता, शेजारी लिहायचे असते. ‘डॉक्टरपेक्षा’ असे लिहिले की मी विचारते, “डॉक्टर माणसापेक्षा, की डॉक्टरच्या पगारापेक्षा?” ज्या विद्यार्थिनीने कॅनडाच्या वाक्यात ‘दॅट ऑफ’ निवडले होते, तिने त्याच वर्षी पुढे एकदा माझ्याच सराव-प्रश्नातली चूक दाखवली. मी ‘दॅन द प्रीव्हियस इयर’ असे लिहून यंदाच्या पावसाची तुलना चक्क मागच्या वर्षाशी केली होती, मागच्या वर्षीच्या पावसाशी नाही.